शेठनी चाळीला नंबर लावले

"तिरोडकर शेठांच्या सहवासातले काही अनुभव लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं. सहवास हा शब्द ऐकून मला आधी हसू आलं आणि मग वैताग आला. सहवासाचा कंटाळा आला की माणूस उठून घरी जातो. मी नोकरी केली. लग्न होऊन भोईवाड्यात आले, मुलगा शाळेत जायला लागला, तशी शेठच्या परळच्या शर्टांच्या कारखान्यात चेकिंगला लागले. निवृत्त झाले ती त्यांच्याच बांधकाम कंपनीच्या ऑफिसातून. मधल्या काळात शर्टांचा धंदा जमिनीचा कसा झाला हे लोक मला असं विचारतात, जणू मीच तो केला. मी काही केलं नाही. "अहो शेठ, ऐका तरी" असं म्हणत मी त्या माणसाच्या मागे धावले, आणि त्याचाच मला पगार मिळाला.

मराठी माणूस आणि शेठ कसा, असंही विचारतात. आमचे शेठ मूळचे सावंतवाडीकडचे, वडील गिरणीत, जन्म लालबागच्या चाळीतला. हिंदमाताजवळच्या एका कापडवाल्याकडे ते कटिंग शिकले. मग परळला एका गाळ्यात चार मशीन टाकून शाळेच्या गणवेषाचे शर्ट शिवायला लागले आणि तिथल्या कारागिरांनी त्यांना चेष्टेने शेठ म्हणायला सुरुवात केली. पुढे ती चेष्टा खरी होत गेली. मोठमोठ्या दुकानांचे शर्ट आमच्याकडून जाऊ लागले, लेबल मात्र त्या दुकानांचं. गाळ्याचा कारखाना झाला, मग शेजारची शेड घेतली, शेडच्या शेजारचा प्लॉट घेतला. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा शेठच्या लक्षात आलं की, ज्या जमिनीवर बसून आपण शर्ट शिवतो ती नुसती पडून राहून शर्टांपेक्षा जास्त कमावते. झालं शेठचं चरित्र. बाकीचं वर्तमानपत्रांतून आलेलं आहे आणि त्यातलं बरंचसं त्यांनीच सांगितलेलं आहे.

माणूस मोठा झाला, पण खोड कटिंग मास्तरचीच राहिली. कोणी समोर आलं की आधी त्याची कॉलर उलटून बघायची. बँकेचा साहेब असो, वकील असो, नवा जावई असो. गिरगावात एक जुने व्यापारी वारले म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. मुलगा रडत होता. शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, चला, आज माणसासारखे वागले. तर तो हात हळूच कॉलरखाली गेला आणि शेठ मला म्हणाले, "बघितलंस? आतलं कॅनव्हास सुटलंय. धुलाईत फुगे येणार." मुलगा रडायचा थांबला. मी सगळ्या घराकडे बघून हात जोडले आणि शेठना दंडाला धरून जिना उतरवला.

आता ज्यांनी कपड्यांचा कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. कारखान्यात शर्ट एकेक करून कापत नाहीत. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर नमुन्याचा कागद ठेवायचा आणि सगळे थर मशीनने एकदम कापायचे. एकाच वेळी बाह्यांचा गठ्ठा निघतो, पाठींचा निघतो, कॉलरींचा निघतो. पण दोन ताग्यांचा पांढरासुद्धा सारखा पांढरा नसतो. एका थराची बाही दुसऱ्या थराच्या पाठीला लागली तर ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात गेल्यावर मात्र शर्ट ठिगळ लावल्यासारखा दिसतो. म्हणून कापल्याबरोबर प्रत्येक तुकड्यावर थराचा नंबर चिकटवायचा आणि एका नंबराचे तुकडे एकत्रच शिवायचे. ह्या नंबरांवर शेठचा भारी जीव. "एका थराचे तुकडे सुटे झाले की माल मेला," असं ते येताजाता म्हणायचे. आणि शर्टापुरतं ते खरंही होतं.

दुसरा त्यांचा जीव पाण्यावर. नवी ऑर्डर सुरू झाली की शिवून आलेलं पहिलं बंडल इस्त्रीच्या हॉलमध्ये सरळ न्यायचं नाही, दारात ठेवायचं. मग शेठ यायचे, चपला काढून उंबऱ्यात बसायचे आणि तांब्यातलं पाणी बोटांनी त्या शर्टांवर शिंपडायचे. त्यानंतर बंडल आत. त्यामागची गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. त्यांची आई चाळीत काजं-बटणांचं काम घ्यायची आणि शेजारणींत वाटून द्यायची. तयार शर्ट परत आले की शेठ, तेव्हाचा रघू, कोळशाच्या इस्त्रीने ते दाबायचा. पण त्याआधी आई उंबऱ्यात बसून शर्टांवर पाणी शिंपडायची. "माझी आई एक इयत्ता शिकली नव्हती, पण मालाची काळजी कशी घ्यायची ते तिच्याकडून शिकावं," हे शेवटचं वाक्य. तिथे त्यांचा आवाज हमखास बसायचा.

आईबद्दल मी काय बोलणार? पण मी नोकरीला लागले तेव्हापासून त्यांना सांगत होते की शेठ, हे पाणी इस्त्रीच्या काही कामाचं नाही. इस्त्रीचं पाणी इस्त्रीच्या टेबलापाशी मारतात आणि लगेच दाबतात. दारात शिंपडलेलं पाणी बंडल टेबलावर जाऊन सुटेपर्यंत वाळून जातं. त्यातून आपल्या इस्त्र्या वाफेच्या. शेठ ऐकून घ्यायचे आणि तांब्या पुढे करायचे. ते परगावी असले तर ते काम माझ्या गळ्यात.

एकदा सॅटिनच्या नाइट गाऊनची ऑर्डर आली. सॅटिनवर साधा थेंब पडला तरी डाग उमटतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी हातापाया पडले. शेठ म्हणाले, "आईचं पाणी आहे, डाग नाही पडणार." डाग पडले. बायरची तपासनीस बाई गाऊन उजेडात धरून मला म्हणाली, "सामंत मॅडम, ये स्पॉट कैसे आया?" मी म्हटलं, "छत से पानी टपकता है." ती वर बघत म्हणाली, "अप्रैल में?" ते सगळे गाऊन परत आले. शेठनी त्यावर बराच विचार केला आणि मला बोलावून सांगितलं, "पुढच्या टायमाला जरा कमी शिंपडू."

पुढे परळचा कारखाना बंद झाला. शेठ म्हणाले, इथे मशीन चालवणं परवडत नाही. ते खोटं नव्हतं, पण तेवढंच खरंही नव्हतं. तोवर माझ्या हाताखाली आलेल्या शिलाईच्या लायनीतल्या बायका पांगल्या. कोणी माटुंग्याला ब्लाउज शिवायला बसल्या, कोणी लोकांची पोरं सांभाळायला लागल्या. त्यांतल्या दोघी-तिघी अजून बाजारात भेटतात, हसून बोलतात आणि मीच काहीतरी काम सांगून पुढे निघते. मला शेठनी बांधकामाच्या ऑफिसात घेतलं. "एवढ्या बायकांना तू लायनीत बसवलंस, भाडेकरू काय चीज आहेत?" असं म्हणाले. भाडेकरू काय चीज असते ते लवकरच मला कळलं. शेठना कळलं नाही, कारण ते त्यांना भेटायला कधी जातच नसत.

ह्या धंद्यातही सांगण्यासारखं फार नाही. चाळ पाडायची, भाडेकरूंना तोवर दुसरीकडे राहायला जागा द्यायची, त्याच जमिनीवर दोन इमारती बांधायच्या. एकीत जुने भाडेकरू, दुसरीतली घरं विकायला. शेठनी कितीतरी चाळी घेतल्या, पण जीव अडकला होता तो त्यांच्या स्वतःच्या, लालबागच्या चाळीत. आईची खोली अजून त्यांच्या नावावर होती, म्हणजे बिल्डरही तेच आणि भाडेकरूही तेच. त्या इमारतीसाठी त्यांनी खरंच चांगलं सामान वापरलं. हात आखडता घेतला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

इमारत पुरी होत आली आणि कोणाला कुठलं घर द्यायचं हा प्रश्न निघाला. आर्किटेक्ट म्हणाला, "सर, सोडत काढू. चिठ्ठी निघेल ते घर. सगळीकडे तसंच करतात."

"सोडत?" शेठ ओरडले. "म्हणजे ह्या थराची बाही त्या थराला? खुळा झालास काय?"

आर्किटेक्टने माझ्याकडे बघितलं. तो बिचारा शर्ट विकत घेऊन घालणारा माणूस. त्याला हे कुठून कळायचं?

शेठचा बेत असा होता की चाळीतल्या गॅलरीत जी दारं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने नव्या मजल्यावर लावायची. शेजाऱ्याला शेजारी, भिंतीला भिंत. त्यांनी मोठा नकाशा करून घेतला आणि प्रत्येक घरावर स्वतःच्या हाताने नंबर चिकटवले, आमच्या कारखान्यातले उरलेले, थरांचे. "पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेली माणसं आहेत," मला म्हणाले. "सुटी झाली की मेली."

मी म्हटलं, "शेठ, एकदा विचारून बघा तरी."

"विचारायचं काय त्यात? खूश होतील."

नायगावात एक हॉल घेऊन भाडेकरूंची सभा बोलावली. शेठनी पडदा ओढून नकाशा दाखवला आणि टाळ्यांसाठी थांबले. आधी कोणाला काही कळेना. मग परबकाकू उठल्या. चाळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, आवाज मात्र खणखणीत.

"म्हणजे माझ्या बाजूक परत ह्यो दळवीच?" त्या म्हणाल्या. "शेठ, ह्याच्या खोकल्यान माझी झोप उडाली ती अजून येवक नाय. चाळ पडली तेव्हा मी देवाक नारळ दिलंय!"

दळवी म्हणाले, "आणि हिच्या सुक्या बांगड्याचा वास कोणी घेतला इतकी वर्षं? मी घेतला!"

मग जो तो उठला. एकीला जाऊ समोर नको होती. एकाचं शेजाऱ्याशी वळचणीच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं, आता वळचण गेली तरी अबोला होता. माणसांनी एकमेकांना जीव लावला होता आणि ती एकमेकांना कंटाळलीही होती, जशी घरात कंटाळतात. इमारत होणार म्हणून ज्याने त्याने मनात शेजारी बदलून टाकला होता. शेठ लाल होऊन नुसते बघत राहिले. मला त्यांची दया यायला हवी होती, पण आला तो वैतागच.

शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरी उठल्या, रोहिणी कांबळे. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांची खोली गॅलरीच्या टोकाला, तिरोडकरांच्या खोलीला लागून. शेठच्या नकाशावर अर्थातच त्या पुन्हा शेठच्या आईच्या घराशेजारी होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सोडत काढा. नाहीतर मी वाटपावर सही करणार नाही."

त्यांच्या सहीशिवाय घरं वाटता येत नव्हती. चाव्या ऑफिसात पडून आणि माणसं दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागांत कोंबलेली. परबकाकूंना जिना चढवत नव्हता. रोज कोणीतरी मला फोन करून झापायचं. मी रोहिणीताईंना एकटी जाऊन भेटले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"सामंतबाई, माझा तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या घराला भिंत लावून मला राहायचं नाही. दुसरीकडे कुठेही द्या. सोडतीत तेच आलं तर तेही घेईन. पण कोणी बसवलं म्हणून तिथे बसणार नाही."

"का पण, ताई?"

"ते शेठना विचारा."

मी शेठना विचारलं. शेठना काही ठाऊक नव्हतं. ते उलट दुखावले. "अगो, तिची आई आमच्याकडची काजं करायची! ही एवढीशी होती, बंडल घेऊन यायची. घरच्यासारखी माणसं!" मग त्यांनी ठरवलं, आपणच जायचं. भाडेकरूच्या घरी ते पहिल्यांदाच निघाले होते, आणि गाडीत बघते तर साड्यांचा गठ्ठा. त्या साड्या गाडीतच ठेवाव्यात म्हणून मी रोहिणीताईंची नायगावातली भाड्याची जागा येईपर्यंत भांडले. एवढं एक त्यांनी माझं ऐकलं.

रोहिणीताईंच्या घरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट. त्यांनी चहा केला. शेठनी बसल्या बसल्या पडद्याची शिवण तपासली. मग चहा संपवून त्यांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. मला वाटलंच होतं, काढणार.

"रोहिणी, तुला आठवतं? तू आईबरोबर शर्ट घेऊन यायचीस. माझी आई उंबऱ्यात बसायची, तांब्या घेऊन. एकेका शर्टावर पाणी शिंपडायची. अगो, ते पाणी मी विसरलो नाही. कारखाना केला तिथेसुद्धा ती पद्धत ठेवली. हिला विचार. एवढी माया होती आपल्या दोन घरांत!"

रोहिणीताईंनी कप खाली ठेवला.

"दळवींच्या घरून शर्ट यायचे," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर शिंपडायच्या का त्या पाणी?"

"शिंपडत असेल की."

"नाही, शेठ. ती बंडलं सरळ आत जायची. परबांचीही आत जायची. फक्त आमच्या शर्टांवर पाणी पडायचं. माझी आई बंडल उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि मागे सरायची. पाणी शिंपडून झालं की मग तुमची आई ते उचलायची."

शेठ म्हणाले, "ते इस्त्रीसाठी..."

"इस्त्रीचं पाणी तुम्ही आत टेबलापाशी मारायचात. तोंडात घेऊन, फुर्रकन. मी बाहेर उभी असायचे ना, मला सगळं दिसायचं."

मी त्या दारातल्या पाण्यावरून इतकी वर्षं कटकट केली होती. वाळून जातं, उपयोगाचं नाही, डाग पडतात. ते इस्त्रीसाठी नव्हतंच, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तिथे बसल्या बसल्या मला राग आला. आईवर नव्हे, ती तर केव्हाच गेली. मला ह्या माणसाचा राग आला. हा कोणाच्याही कॉलरीखालचा सुटलेला टाका बघू शकतो आणि स्वतःच्या दारात उभी असलेली मुलगी ह्याला दिसली नाही.

शेठचा हात पुन्हा पडद्याच्या शिवणीकडे गेला. मग जे माणसं बोलतात तेच बोलले. "काळच तसा होता गो. आई वाईट नव्हती."

"वाईट होत्या असं मी म्हटलं नाही," रोहिणीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या आईला ताप आला तेव्हा पेज त्यांनीच पाठवली होती. तीही उंबऱ्याबाहेर ठेवली. शेठ, मला तुमची माफी नको. ती घेऊन मी करू काय? मी नोकरी केली, मुलं शिकवली, माझं चांगलं चाललं आहे. फक्त तुमच्या हाताने मला परत त्या जागी बसवू नका."

खाली गाडीत बसल्यावर शेठनी मला विचारलं, "तुका म्हायत होतां?"

"मला कसं माहीत असणार? मी भोईवाड्यात सून म्हणून आले."

"पण तू सांगत होतीस. दारातलं पाणी इस्त्रीच्या कामाचं नाही म्हणून."

"सांगत होते. सतत सांगत होते."

"मग मी ऐकलं कित्याक नाय?"

"ते मला काय विचारता, शेठ?" एवढंच मी म्हटलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. परळच्या पुलापर्यंत त्यांचे खांदे हलत होते. मी रस्त्याकडे बघत राहिले. मला वाईट वाटत होतं आणि तरी त्यांची समजूत काढावी असं वाटत नव्हतं.

त्यानंतर ते बरेच दिवस ऑफिसात आले की कोणा ना कोणा जुन्या माणसाला फोन लावायचे. "आई शिंपडायची ते सगळ्यांच्याच शर्टांवर ना रे?" असं विचारायचे. पलीकडून काय उत्तर यायचं ते मला कळत नसे, पण फोन लवकर संपायचे. एके दिवशी फोन बंद झाले. त्यांनी नकाशा भिंतीवरून काढायला लावला आणि आर्किटेक्टला म्हणाले, "काढ तुझी सोडत."

पण शेठ ते शेठच. पुढच्या सभेत त्यांनी सांगितलं की, पुष्कळ विचार करून सोडतीची पद्धत आपण स्वीकारली आहे. जणू काही ती त्यांनाच सुचली होती! मी कपाळावर हात मारला. रोहिणीताई माझ्याकडे बघून किंचित हसल्या आणि त्यांनी सही केली.

सोडत नव्या इमारतीच्या तळमजल्यावर झाली. दोन स्टीलचे डबे, एकात नावं, दुसऱ्यात घरं. चिठ्ठ्या काढायचा मान परबकाकूंना. टेबलापाशी रोहिणीताई प्रत्येकाचा घरनंबर पुकारून चावी देत होत्या. दळवींना एकदम वरचा मजला आला, तसे परबकाकूंनी हात जोडले. शेठचं नाव निघालं, आईच्या खोलीचं. त्यांना पहिल्या मजल्यावरचं घर आलं, पाण्याच्या पंपाच्या बरोबर वर. पंप चालू झाला की त्या घराची जमीन थरथरते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शेठ माझ्या कानाशी आले. "बदलून मिळेल काय गो?"

"इमारत तुमची आहे, शेठ. सोडत त्यांची आहे."

ते फुरंगटून खुर्चीत बसले. बऱ्याच चिठ्ठ्यांनंतर रोहिणीताईंचं नाव निघालं. मधला मजला. शेजारी कोण, तर स्वतः परबकाकू. त्या म्हाताऱ्या बाईने रोहिणीताईंच्या घरचा चहा कधी घेतला असेल असं मला वाटत नाही. सगळ्यांनी माना वळवून परबकाकूंकडे बघितलं. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "गे रोहिणी, माझ्या सुक्या बांगड्याचो वास तुका चलतलो मां?"

"खिडकी लावून घेईन," रोहिणीताई म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतःची चावी वेगळी काढून पर्समध्ये टाकली.

एवढ्यात शेठ उठले. मी त्यांचा सदरा ओढला, पण ते कसले थांबतात! रांगेतल्या माणसांना बाजूला सारून सरळ टेबलापाशी गेले. "रोहिणी, हे घर घेऊ नको. तुझ्यासाठी मी त्या दुसऱ्या इमारतीत वरचं कोपऱ्याचं राखून ठेवलंय. विकलं नाही. मोठं आहे, समुद्र दिसतो. आत्ताच्या आत्ता बदलून देतो."

ह्याची मला काही कल्पना नव्हती. तसल्या घरासाठी लोक ऑफिसात काय काय खेटे घालत होते ते मी पाहिलेलं होतं. आणि शेठच्या चेहऱ्यावर आर्जव होतं, ते खोटं नव्हतं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते.

रोहिणीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे परत तुम्हीच बसवणार."

"अगो, चांगलं घर आहे."

"असेल. पण हे मला सगळ्यांसारखं चिठ्ठीने आलं आहे. मला हेच हवं होतं." त्यांनी पुढची चावी उचलली आणि तिच्यावरचा नंबर वाचला. मग मान वर केली. शेठ अजून तिथेच उभे होते. "आता जरा बाजूला व्हा, शेठ. मागे माणसं खोळंबली आहेत."

शेठ बाजूला झाले.